ज्याचा राग येतो त्याच्यासाठी 'सुखी हो' कसं म्हणू?

पत्र:

ताई, दोन वर्षं झाली, मी रोज सकाळी 20 मिनिटं मेत्ता भावना करते, म्हणजे सगळ्यांबद्दल मैत्रीची इच्छा मनात धरायचं ध्यान. आधी खूप छान वाटायचं. पण गेले सहा-सात महिने बसवतच नाही. रात्री झोपताना फोनवर युद्धाचे व्हिडिओ बघते, कोसळलेल्या इमारती, मुलांना उचलून पळणारी माणसं, आणि सकाळी डोळे मिटून 'सगळे सुखी होवोत' म्हणायला गेलं की घशात काहीतरी अडकतं, आपण खोटं बोलतोय असं वाटतं. ज्यांनी हे सगळं चालवलंय त्यांच्यासाठी तर शब्दच फुटत नाही, आणि जबरदस्तीने म्हटला तर मेलेल्यांशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. त्यात माझा मोठा भाऊ फॅमिली ग्रुपवर रोज काहीतरी द्वेषाने भरलेलं फॉरवर्ड करतो. एकदा मी बोलले तर महिनाभर अबोला. मेत्ता करताना त्याचा चेहरा आला की माझे दात आवळले जातात. मेत्ता बंद करू का? की बातम्या बंद करू? माझी आठ वर्षांची मुलगी कधीकधी शेजारी येऊन बसते आणि विचारते, आई तू कोणासाठी म्हणतेस? मला तिला काय सांगावं तेच कळत नाही. आणि हो, रात्री ते व्हिडिओ बघितले नाहीत तर अपराधी वाटतं, जणू आपण त्या लोकांना सोडून दिलं.

उत्तर:

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा 'बेइमानी' या शब्दापाशी थांबले, कारण मला वाटतं खरी गाठ तिथेच आहे, बाकीचं सगळं त्याच्याभोवती गुंडाळलेलं आहे. त्यामुळे आधी सरळ सांगते, मेत्ता बंद करू नकोस. पण आत्ता जशी करतेयस तशीही करू नकोस.

तू ज्याला मेत्ता म्हणतेयस ते मुळात शांत दिवसांसाठी दिलेलं नव्हतंच गं. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकाग्रंथात, गोष्ट आहे, 500 भिक्खू वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्यासाठी, एका जंगलात गेले, तिथल्या झाडांवरच्या देवतांना ते आवडलं नाही, म्हणून रात्री भयानक रूपं दिसायला लागली, भेसूर आवाज यायला लागले, दुर्गंधी सुटली, आणि या लोकांची झोप गेली, अंगं पिवळी पडली, ध्यान लागेना. ते उठून श्रावस्तीला बुद्धांकडे आले आणि म्हणाले आम्हाला दुसरी जागा द्या. बुद्ध म्हणाले, दुसरी जागा नाही, त्याच जंगलात परत जा, फक्त यावेळी हे सोबत घेऊन जा. आणि मग त्यांनी मेत्ता सुत्त, म्हणजे मेत्तावरचा उपदेश, सांगितलं. म्हणजे ज्यांची झोप उडालीय, ज्यांना भीती वाटतेय, ज्यांना ध्यानच लागत नाहीये अशा माणसांच्या हातात हे दिलं गेलं. गोष्ट शब्दशः घडली का नाही ते सोड, पण परंपरेने या सुत्ताचा जन्म कुठे मानलाय ते बघ. तुझी आत्ताची अवस्था ही मेत्तासाठी अपात्र अवस्था आहे असं तुला वाटतंय, पण जिच्यासाठी हे सांगितलं गेलं तीच ही अवस्था आहे.

आता तू करतेस काय ते बघू. तू बसतेस आणि एकदम 'सगळे' वर जातेस, आणि त्या 'सगळे' मध्ये रात्री स्क्रीनवर बघितलेले सगळे चेहरे एकत्र असतात, मरणारे पण आणि मारणारे पण. एवढं ओझं कोणाला उचलेल? पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला, त्यात याचा क्रम इतका बारकाईने दिलाय की वाचताना वाटतं या माणसाने तुझ्यासारखे शंभर लोक बघितले असणार. आधी स्वतः. मग ज्याच्याबद्दल आदर वाटतो असं कोणीतरी, गुरूसारखं. मग जवळचा मित्र. मग असा माणूस ज्याच्याबद्दल चांगलं-वाईट काहीच वाटत नाही. आणि मग शेवटी वैरी. त्यांनी स्पष्ट म्हटलंय की वैऱ्यापासून सुरू करू नका, त्याची आठवण आली की राग येतो, मेत्ता कुठली यायला. आणि वैऱ्यापाशी पोचल्यावर राग उसळला तर परत मागे फिरा, मित्राकडे जा, तिथे मन मऊ होऊ दे, मग पुन्हा या. कितीही वेळा. आणि एक गोष्ट मला फार आवडते, ज्याला कोणी वैरीच नाही त्याने हा टप्पा करायलाच नको असंही ते म्हणतात. म्हणजे ओढूनताणून शत्रू शोधायचा नाहीये.

माझं स्वतःचं मत असं की ज्या नेत्याला तू कधी भेटली नाहीस, जो तुला फक्त स्क्रीनवर दिसतो, तो या क्रमात आत्ता येतच नाही. तो तुझा वैरी सुद्धा नाही, ते एक चित्र आहे आणि त्या चित्राला तू रोज रात्री खायला घालतेयस. त्याला काही महिने बाजूला ठेव. मागे फिरायची परवानगी परंपरेनेच दिलेली आहे, त्यात कमीपणा नाही.

पण तू विचारशील, आज ना उद्या तो येणारच ना, मग बेइमानीचं काय?

तर आता पालीतले शब्द बघ, कारण आपण मराठीत 'सुखी होवोत' एवढंच धरून ठेवलंय आणि माझ्या मते अर्धा घोटाळा तिथूनच झालाय. पूर्ण वाक्य असं आहे: सब्बे सत्ता अवेरा होन्तु, अब्यापज्झा होन्तु, अनीघा होन्तु, सुखी अत्तानं परिहरन्तु. पहिला शब्द कोणता आहे बघ. अवेरा. वैर नसलेले होवोत. मग द्वेष नसलेले, मग त्रास नसलेले, आणि सगळ्यात शेवटी, सुखाने स्वतःला सांभाळोत. सुख शेवटी आहे. वैर जाणं आधी आहे.

आता हेच ज्याच्या हुकुमावर बॉम्ब पडतायत त्याच्यासाठी म्हणून बघ, मनातल्या मनात, फक्त पहिला शब्द. तुझ्यातलं वैर जाऊ दे. बास. 'तुझा बेत यशस्वी होऊ दे' असं तू म्हणत नाहीयेस, 'तुला शिक्षा होऊ नये' असंही नाही, 'तू केलंस ते चाललं' असं तर अजिबात नाही. जो माणूस मारतोय त्याच्यातलं वैर खरंच गेलं तर काय होईल? मारणं थांबेल. ढिगाऱ्याखाली आपलं लेकरू शोधणाऱ्या आईला विचारलं तर तिलाही तेच हवं असणार. मग ही तिच्याशी बेइमानी कशी? उलट माझं म्हणणं आहे की तिच्या बाजूने मागता येण्यासारखी याच्याहून मोठी गोष्ट नाही. मला हे लक्षात यायला बरीच वर्षं लागली, आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी घशातलं ते अडकलेलं काहीतरी सुटलं, म्हणून तुला एवढं जोर देऊन सांगतेय.

आणि मेत्ता म्हणजे मवाळपणा, गप्प बसणं, हा जो समज आहे ना, त्याने खूप नुकसान केलंय. 2007 च्या ऑगस्टमध्ये म्यानमारमध्ये इंधनाचे भाव अचानक वाढवले गेले, त्यानंतर सप्टेंबरमध्ये हजारो भिक्खू लष्करी राजवटीच्या विरोधात रस्त्यावर उतरले, आणि चालताना ते काय म्हणत होते माहितीये? हेच मेत्ता सुत्त. आणि त्याच वेळी त्यांनी भिक्षापात्रं उलटी केली होती. पात्र उलटं करणं ही विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतली, जुनी रीत आहे, ज्याने गंभीर चूक केलीय त्याच्याकडून दान घेणं बंद. लष्करी लोकांच्या हातचं दान आम्ही घेणार नाही, तुम्हाला पुण्य कमवायची संधी देणार नाही, असा त्याचा अर्थ. तोंडात मेत्ता आणि हातात उलटं पात्र, दोन्ही एकाच वेळी. त्यांना मार बसला, अटका झाल्या, आंदोलन चिरडलं गेलं. पण मैत्री आणि विरोध एकत्र राहू शकतात का, याचं उत्तर मला त्या एका दृश्यात मिळतं. आणि खरं सांगायचं तर त्याच देशात पुढच्या वर्षांत काही भिक्खूंनी अल्पसंख्याकांविरुद्ध द्वेषही पसरवला, तेही विसरून चालणार नाही. सुत्त पाठ असणं पुरत नाही. पहिल्या शब्दापाशी, अवेरा पाशी, रोज जावं लागतं.

बाबासाहेबांनी तर बंधुता हा शब्द अपुरा आहे, बुद्धांचा मैत्री हाच खरा शब्द, असं लिहून ठेवलंय. ज्या माणसाने आयुष्यभर अन्यायाशी एवढा झगडा केला त्याने मैत्री हा शब्द उचलला, दुबळेपणा म्हणून नक्कीच नाही उचलला. समता आणि स्वातंत्र्य टिकायचं तर त्यांच्याखाली हे असावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता रात्रीच्या व्हिडिओंबद्दल. तू लिहिलंयस की बघितलं नाही तर अपराधी वाटतं, जणू आपण त्या लोकांना सोडून दिलं. पत्रात हे तू शेवटी कोपऱ्यात लिहिलंयस पण ते महत्त्वाचं आहे. बुद्धघोष सांगतात की प्रत्येक चांगल्या भावनेचा एक लांबचा शत्रू असतो आणि एक जवळचा. लांबचा ओळखू येतो, करुणेचा लांबचा शत्रू क्रौर्य. पण जवळचा शत्रू करुणेसारखाच दिसतो म्हणून ओळखू येत नाही, आणि तो आहे शोक, खचून जाणं. दुसऱ्याचं दुःख बघून स्वतः बुडणं. ते करुणेसारखं वाटतं, पण त्यातून कोणाच्याही वाट्याला काही येत नाही, फक्त बुडणाऱ्यांची संख्या एकाने वाढते.

यावर आजच्या काळातलं एक उदाहरण आहे. मॅथ्यू रिकार म्हणून फ्रेंच भिक्खू आहेत, आधी जीवशास्त्राचे संशोधक होते. टानिया सिंगर या मेंदूशास्त्रज्ञांच्या प्रयोगात ते एमआरआय मशीनमध्ये झोपले आणि त्यांना सांगितलं की दुःखी माणसांच्या वेदनेशी फक्त समरस व्हा, बाकी काही करू नका. त्यांनी तसं केलं आणि थोड्याच वेळात ते पार थकून गेले, नको नको झालं. मग त्यांनी त्याच माणसांकडे करुणेने बघायला सुरुवात केली, म्हणजे त्यांचं बरं व्हावं ही इच्छा आणि जवळ घेण्याची ऊब, आणि सगळं बदललं, तीच दृश्यं डोळ्यासमोर पण थकवा नाही. पुढच्या अभ्यासांमध्येही दिसलं की नुसतं समदुःखी होणं आणि करुणा या दोन्हींच्या वेळी मेंदूतल्या वेगवेगळ्या भागांचं जाळं काम करतं. म्हणजे ज्याला आपण सहानुभूतीचा थकवा म्हणतो तो करुणा जास्त झाल्याने येत नाही, करुणेपर्यंत न पोचता अलीकडेच अडकून राहिल्याने येतो. तू रात्री अकराला अंथरुणात पडून एकामागे एक व्हिडिओ बघतेस तेव्हा तू नेमकी तिथे अडकलेली असतेस, समरस होतेस आणि पुढचा व्हिडिओ येतो, करुणेला जागाच मिळत नाही.

म्हणून बातम्या बंद करू नकोस पण त्यांची जागा बदल. दिवसा, बसून, ठरवून, पंधरा-वीस मिनिटं, शक्यतो वाचून. व्हिडिओ कमीत कमी. आणि वाचून झालं की त्यातला एकच माणूस घे, खरंच एकच, सगळे नाही, तो फोटोतला म्हातारा किंवा ती पाण्याची बाटली धरलेली मुलगी, आणि दोन मिनिटं त्याच्यासाठी म्हण, तुझा त्रास थांबू दे. आणि जमेल तेव्हा हाताने काहीतरी कर. पैसे पाठवणं असेल, सही करणं असेल, तुझ्या आसपास जो कोणी या सगळ्याने घाबरलाय त्याच्याशी बोलणं असेल. मेत्ता सुत्ताची सुरुवात काढून बघ, त्यात आधी भावना नाहीच, आधी वागणं आहे, सरळ असावं, ज्याच्याशी बोलणं सोपं असं असावं, मृदू असावं, गर्व नसावा, थोडक्यात समाधान मानणारं असावं. त्यात एक शब्द आहे अप्पकिच्चो, म्हणजे ज्याने कामांचा पसारा कमी ठेवलाय तो. फोन उशाशी घेऊन साऱ्या जगाचा पसारा डोक्यात भरणं हे अप्पकिच्चोच्या बरोबर उलट आहे असं मला वाटतं.

आणि रात्रीची ती रिकामी झालेली जागा मेत्ताला दे. सकाळची बैठक काही दिवस राहू दे बाजूला. अंगुत्तर निकाय या बुद्धांच्या उपदेशांच्या संग्रहात मेत्ताचे 11 फायदे सांगितलेत आणि त्यातले पहिले तीन कुठले बघ, सुखाने झोपतो, सुखाने उठतो, वाईट स्वप्नं पडत नाहीत. तिन्ही झोपेचे! मेत्ता सुत्तातही म्हटलंय, उभं असताना, चालताना, बसताना, आडवं असताना, जोवर झोप येत नाही तोवर ही स्मृती ठेवावी. म्हणजे अंथरुणात आडवं पडून करायला पूर्ण मुभा आहे. आधी स्वतःसाठी म्हण. तुझ्या पत्रात स्वतःचा उल्लेखच नाहीये, दोन वर्षांत स्वतःसाठी किती वेळा म्हटलंस? संयुत्त निकाय या अशाच दुसऱ्या संग्रहात गोष्ट आहे, राजा पसेनदीने मल्लिका राणीला विचारलं की तुला स्वतःपेक्षा प्रिय असं कोणी आहे का, ती म्हणाली, नाही. आणि तुम्हाला? राजा म्हणाला, मलाही नाही. आणि मग हे बुद्धांना सांगितल्यावर ते रागावले नाहीत, ते म्हणाले, सगळ्या दिशा शोधल्या तरी स्वतःपेक्षा प्रिय कोणी सापडत नाही, आणि इतरांनाही त्यांचा स्वतःचा जीव असाच प्रिय असतो, म्हणून स्वतःचं भलं हवं असणाऱ्याने दुसऱ्याला दुखवू नये. म्हणजे दुसऱ्यापर्यंतचा रस्ता स्वतःवरून जातो.

'खोटं वाटतं' असं तू म्हणतेस त्याबद्दल. मेत्ता म्हणजे छातीत काहीतरी ऊबदार वाटणं असं तुझ्या मनात पक्कं बसलंय, कारण पहिली दीड वर्षं तसं वाटत होतं. ते वाटणं येतं आणि जातं. मेत्ता ही इच्छा आहे, मनाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते. कोरड्या मनाने 'तुझ्यातलं वैर जाऊ दे' म्हणणारा माणूस खोटारडा नाही, जोपर्यंत तो मनापासून त्या बाजूला तोंड करून उभा आहे. आणि तुझ्या घशात अडकतं कारण तुला खोटं बोलायचं नाहीये. चांगलं लक्षण आहे ते. जे म्हणवत नाही ते म्हणू नकोस. 'सगळे सुखी होवोत' नाही निघत ना, मग 'माझ्यातला द्वेष वाढू नये' एवढंच म्हण. तेही नाही निघालं तर 'मला आत्ता खूप राग आलाय' म्हण आणि श्वासाबरोबर बसून राहा. त्या दिवशी तीच तुझी मेत्ता.

आता भाऊ. हा खरा तुझा क्रमातला शेवटचा टप्पा, तो नेता नाही, हा. कारण याच्यावर तुझं प्रेम आहे.

कोसंबी नगरातल्या भिक्खूंचं भांडण ऐकलंयस का? एका क्षुल्लक नियमावरून सुरू झालं आणि संघाचे दोन तट पडले, शब्दांनी एकमेकांना भोसकायला लागले. बुद्ध स्वतः गेले, समजावलं. भिक्खू म्हणाले, भगवंतांनी निवांत राहावं, हे भांडण आमचं आम्ही बघून घेऊ. साक्षात बुद्धांना! 'वैराने वैर शमत नाही, अवैराने शमतं' ही आपल्याला पाठ असलेली गाथा त्यांनी तिथे म्हटली, आणि तरी भांडण थांबलं नाही. मग त्यांनी काय केलं? पात्र-चीवर, म्हणजे भिक्षापात्र आणि वस्त्र, उचललं आणि एकटे निघून गेले, जंगलात जाऊन राहिले. नंतर कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना नमस्कार करणं बंद केलं, भिक्षा बंद केली, तेव्हा ते जागेवर आले.

हे तुला का सांगतेय, तर तुझ्या एका वाक्याने भाऊ बदलला नाही यात तुझी मेत्ता कमी पडली असं अजिबात नाही. आणि लांब जाणं म्हणजे मैत्री सोडणं नाही. ग्रुप म्यूट कर. तिथे उत्तर देऊ नकोस, ग्रुपवर माणूस सगळ्यांसमोर असतो आणि सगळ्यांसमोर कोणी मागे फिरत नाही. कोसंबीच्याच त्या भिक्खूंना उद्देशून एक सुत्त आहे, त्यात म्हटलंय की सोबत्यांशी कायेने, वाचेने आणि मनाने मैत्री ठेवावी, समोर आणि पाठीमागेही. त्या 'पाठीमागे' वर विचार कर जरा. त्याच्याबद्दल घरात तू काय बोलतेस, मुलीच्या कानावर काय पडतं. तिथून सुरुवात केलीस तर तुला कळेल दात का आवळले जातात, कारण दिवसभर त्याच्याबद्दलचं ते बोलणं चालू असतं आणि सकाळी 20 मिनिटं उलटं बोलायला बसतेस. मग कधीतरी त्याला एकट्याला फोन कर, दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर, तब्येत, लहानपणीचं काहीतरी. आणि विषय निघालाच तर एकच वाक्य, शांतपणे: दादा, तू हे पाठवतोस तेव्हा मला भीती वाटते. वाद नको, पुरावे नकोत. तुझं बोलून झालं की थांब. तो चिडला तर चिडू दे, आपण चिडायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे.

माझ्याही आयुष्यात एक असा माणूस होता. कामाच्या ठिकाणी माझ्याबद्दल खोटं पसरवलं, माझं खूप नुकसान झालं. वर्षभर मला त्याचं नाव मनात घेता येत नव्हतं. मग मी बुद्धघोषांनी सांगितलेली एक युक्ती करून बघितली, ते म्हणतात, राग जात नसेल तर त्या माणसाचे भाग करून बघ, तू नेमकी कशावर रागावलीयस, त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? वाचताना विचित्र वाटलं होतं, पण मी केलं. केसांपासून सुरू केलं आणि गुडघ्यांपाशी आले तेव्हा आठवलं की हा माणूस जिना चढताना गुडघा धरून थांबायचा, कोणी बघत नाही ना असं बघायचा. त्या गुडघ्यासाठी म्हणता आलं मला. पूर्ण माणसासाठी नाही, गुडघ्यासाठी. कित्येक आठवडे मी फक्त त्याच्या गुडघ्याचं दुखणं कमी होवो एवढंच म्हणत होते. हळूहळू बाकीचा माणूस त्याच्या मागून आला. आमचं आजही बोलणं नाही आणि त्याने केलं ते चूकच होतं. पण आता त्याचं नाव निघालं तर माझी रात्र जात नाही. तुझ्या भावाचाही असा एखादा गुडघा तुला माहितीच असणार, त्याच्या सोबत वाढलीयस तू.

एक गोष्ट गांभीर्याने. झोप उडणं, तीच ती दृश्यं डोळ्यासमोर येत राहणं, छातीत धडधड, रोजची कामं न होणं, हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेट, लगेच. आणि जगू नये असं कधी मनात आलं तर एक दिवसही थांबू नकोस, घरातल्या कोणाला तरी सांग आणि मदत घे. मेत्ता त्यासोबत करता येते, त्याच्याऐवजी नाही.

आणि तुझी मुलगी. ती विचारते आई तू कोणासाठी म्हणतेस, आणि तुला उत्तर सापडत नाही कारण तुझं उत्तर 'सगळ्यांसाठी' असं आहे आणि त्याच्यावर तुझाच विश्वास उरलेला नाही. पण सुत्तात 'सगळे' नुसतं म्हणून सोडून दिलेलं नाही, तिथे एकेक मोजलेत, लांब, मोठे, मध्यम, छोटे, बारीक, दिसलेले आणि न दिसलेले, लांब राहणारे आणि जवळ राहणारे, जन्मलेले आणि जन्माला यायचे असलेले. एखादं लहान मूल यादी करतं ना, कोणी सुटू नये म्हणून, तसं. तर आज रात्री तिला जवळ घे आणि खरं सांग. सांग की आधी माझ्यासाठी म्हणते, मग तुझ्यासाठी, मग बातम्यांतल्या एका मुलीसाठी जिचं नाव मला माहीत नाही, आणि मग मामासाठी, पण मामासाठी म्हणायला मला अजून जड जातं. ती विचारेल का जड जातं, तेही सांग, तिला कळेल तेवढं. मग तिला विचार तुझ्या यादीत कोण कोण आहे, आणि ती सांगेल त्या क्रमाने दोघी मिळून म्हणा.